घरबसल्या उड्डाण, येलहंक्याच्या धुक्यात

बंगळूर शहरातून बल्लारी रस्त्याने उत्तरेकडे निघाले की हेब्बाळचा तलाव मागे पडतो, आणि प्रवाशाचे लक्ष दुकानांच्या पाट्यांपेक्षा आकाशाकडे जास्त जाऊ लागते. आधी जक्कूर लागते. तिथे सरकारी उड्डाण प्रशिक्षण शाळेची छोटी धावपट्टी आहे. पुढे येलहंका, जिथे साठच्या दशकापासून हवाई दलाचे केंद्र आहे आणि मालवाहू व प्रवासी विमानांचे वैमानिक तयार होतात. आणखी पुढे देवनहळ्ळीचा केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ. वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात तीन विमानतळ! येलहंका उपनगरातल्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना गृहिणीलाही आवाजावरून कळते की वर पंख्याचे एएन-३२ आहे की जेट.

एरवी येलहंका म्हणजे जुने, शांत गाव. बंगळूरचे मूळच येथे आहे, कारण १५३७ साली बंगळूर वसवणारा केंपेगौडा हा येलहंक्याचा नाडप्रभू. पुढे १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांची जहागीर झाले, हे मराठी वाचकाला ठाऊक असतेच. त्याच केंपेगौडाचा १०८ फुटी पुतळा २०२२ च्या नोव्हेंबरात विमानतळावर उभा राहिला, आणि तो घडवला धुळे जिल्ह्यातील गोंदूरच्या राम सुतार यांनी. गावात रेल्वेची चाके बनवणारा मोठा कारखाना आहे, पुट्टेनहळ्ळीचा तलाव आहे, त्यावर पाणपक्षी उतरतात. १९९६ पासून हवाई दलाच्या तळावर 'एरो इंडिया' हे प्रदर्शन भरते. त्या दिवसांत आसपासच्या कित्येक किलोमीटरांत मांसविक्री बंद ठेवण्याचा हुकूम निघतो. टाकाऊ मांसावर घारी जमतात आणि घार विमानाच्या इंजिनात गेली तर अनर्थ होतो! खाटकांची कुरकुर दर प्रदर्शनाला ऐकू येते.

अशा गावातल्या मुलांना विमानाचे वेड लागले तर नवल नाही. वेड फेडण्याचा राजमार्ग मात्र खर्चाचा. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यातला प्रत्येक तास पैसे मोजून विकत घ्यावा लागतो. म्हणून बरेच जण आधी घरच्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर बसवतात. त्यात बारावीचे विद्यार्थी असतात, तसे नोकरीतून निवृत्त होऊन लहानपणची हौस पुरी करणारे आजोबाही असतात. पहिले काही दिवस सारे जण एकच करतात. स्वच्छ उन्हात उडायचे, नंदीच्या डोंगरावर घिरट्या घालायच्या, स्वतःच्या घराचे छप्पर शोधायचे. त्याचा कंटाळा आला की मग खरा अभ्यास सुरू होतो, आणि तो म्हणजे काही दिसत नसताना विमान उतरवणे.

ही नुसती करमणुकीची कल्पना नव्हे. देवनहळ्ळीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंच पठारावर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जमीन थंड होते, हवेतला ओलावा जमिनीलगत साचतो आणि सकाळी सात-आठपर्यंत धुके हलत नाही. पहाटेची विमाने खोळंबतात, काही चेन्नईला वळवली जातात. प्रतीक्षागृहात प्रवासी चिडतात. धुक्यात वैमानिकाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्यांना एकदा घरच्या पडद्यावर पाहायला मिळाले तर चिडचिड पुष्कळ कमी होईल.

दोन काट्यांची भाषा

धुक्यात विमान उतरवण्याच्या व्यवस्थेला इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम म्हणतात. वैमानिकांच्या तोंडी ती 'आयएलएस'. कल्पना साधी आहे आणि जुनीही. १९३८ च्या जानेवारीत अमेरिकेत पिट्सबर्गला हिमवादळात एक प्रवासी विमान याच साधनाच्या आधारे उतरले होते.

धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला अँटेनांची एक रांग असते. तिला लोकलायझर म्हणतात. ती दोन ध्वनिलहरी रेडिओवर स्वार करून सोडते, एक सेकंदाला ९० कंपनांची आणि दुसरी १५० कंपनांची. येणारे विमान धावपट्टीच्या मध्यरेषेच्या डावीकडे असेल तर त्याला ९० ची लहर जोरात मिळते, उजवीकडे असेल तर १५० ची. दोन्ही सारख्या मिळाल्या की विमान बरोबर मध्यरेषेवर. (संगीत जाणणाऱ्यांच्या ध्यानात येईल की या दोन संख्यांचे नाते षड्ज आणि शुद्ध धैवताचे आहे. वैमानिकाला मात्र ते ऐकायचे नसते, तोलण्याचे काम यंत्र करते.) धावपट्टीच्या बाजूला दुसरा मनोरा असतो, तो हेच काम वर-खाली या दिशेने करतो. त्याने आखलेल्या उतरत्या वाटेला ग्लाइड स्लोप म्हणतात. तिचा उतार साधारण तीन अंशांचा, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३२० फूट.

विमानात या साऱ्याचे रूप म्हणजे एका गोल तबकडीवरचे दोन काटे, एक उभा आणि एक आडवा. उभा काटा डावीकडे गेला तर वाट डावीकडे आहे, आडवा खाली गेला तर वाट खाली आहे. काटा जिकडे, तिकडे विमान न्यायचे. दोन्ही काटे मध्यावर राहिले की जमिनीपर्यंत अदृश्य घसरगुंडी तयार.

येलहंक्याच्या मुलाने सराव कुठून सुरू करावा? जक्कूरहूनच. तिथे आयएलएस नाही, तेव्हा पडद्यावर सेस्ना-१७२ सारखे छोटे विमान घेऊन तिथून उडायचे आणि वायव्येला हेसरघट्टा तलावाच्या रोखाने निघायचे. अल्टिमीटरवर ५,००० फूट झाले की तीच उंची धरून ठेवायची, तलावाजवळून थोडे उत्तरेला सरकून उजवीकडे, थेट पूर्वेला वळायचे. देवनहळ्ळीच्या दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत, म्हणून पश्चिमेकडून येताना होकायंत्रावर ९० अंशांच्या आसपासचा आकडा हवा. डावीकडे, उत्तरेला नंदीचा डोंगर साडेचार हजार फुटांहून उंच उभा आहे, हे विसरायचे नाही. खऱ्या आकाशात ही वाट हवाई नियंत्रक ठरवतात आणि येलहंक्याच्या लष्करी तळाजवळून कोणाला मनमानी फिरता येत नाही. पडद्यावर एवढी मोकळीक चालते.

आता उभा काटा हलू लागतो आणि मध्यावर येतो. आडवा काटा अजून वरच असतो, कारण विमान ग्लाइड स्लोपच्या खाली आहे. ते तसेच असले पाहिजे. ही वाट नेहमी खालून गाठायची, वरून नव्हे. याचे कारण रेडिओलहरींच्या स्वभावात आहे. खऱ्या वाटेच्या वर जास्त चढाच्या खोट्या वाटाही तयार होतात आणि वरून येणारा वैमानिक त्यांपैकी एखादीवर चढून बसू शकतो. धावपट्टी सुमारे सहा सागरी मैलांवर आली की आडवा काटा हळूहळू खाली सरकून मध्यावर येतो. तिथे इंजिनाचा जोर कमी करून उतरायला लागायचे. ९० नॉटच्या वेगाला मिनिटाला सुमारे ४५० फूट उतरावे लागते. म्हणजे सगळा खेळ चार मिनिटांचा.

ही चार मिनिटे नवशिक्याला घाम फोडतात. काटा जरा डावीकडे गेला की तो विमान जोरात डावीकडे वळवतो. काटा सपकन दुसरीकडे जातो, तो पुन्हा उलट वळतो. धावपट्टी जवळ येईल तशी वाट निमुळती होत असते. सहा मैलांवर आडवा काटा टोकाला गेला तर विमान साडेचारशे फूट चुकलेले असते. जमिनीपासून दोनशे फुटांवर तोच काटा तितकाच हलला तर चूक जेमतेम पन्नास फुटांची असते. म्हणून जवळ गेल्यावर हात हलका ठेवावा लागतो. जुने शिक्षक सांगतात की काट्यामागे धावू नका, एक दिशा आणि उतरण्याचा एक वेग पक्का धरा, आणि त्यात दोन-दोन अंशांचाच फरक करा. सायकल शिकणारे मूल हँडल गच्च धरते तोवर पडत राहते, तसाच हा प्रकार.

बंगळूरला आणखी एक गोष्ट शिकावी लागते, जी मुंबईला सराव करणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. मुंबईची धावपट्टी जवळजवळ समुद्राच्या पातळीला. तिथे जमिनीपासून दोनशे फुटांवर काटा अडीचशेच्या आत असतो. देवनहळ्ळीला त्याच जागी तो ३,२०० दाखवतो. आकड्यांकडे पाहून 'अजून पुष्कळ उंच आहोत' असे वाटते आणि तेवढ्यात शेते समोर येतात! शिवाय हवेचा दाब यंत्रात बरोबर लावलेला हवा. एका हेक्टोपास्कलची चूक सुमारे तीस फुटांची. सातांची चूक झाली तर दोनशे फूट गेले.

पेटीचा भाता

काट्यांवर विश्वास ठेवायला इतके शिकावे का लागते? डोळे मिटले तरी आपल्याला डावे-उजवे कळते, असे माणसाला वाटते. आकाशात ते खरे नसते. कानाच्या आतल्या पोकळीतील द्रव शरीराचा तोल सांगतो, पण विमान संथ वळत राहिले की तो द्रवही त्याच गतीने स्थिर होतो आणि वळणारे विमान सरळ वाटू लागते. मग ते खरोखर सरळ केले की उलट बाजूला कलल्याचा भास होतो. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. यंत्रांवरून उडण्याचे शिक्षण न घेतलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसू न देता विमान चालवायला दिले. विसांपैकी एकही सावरला नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले.

हे आंधळे उड्डाण जमिनीवर शिकवण्याची युक्ती निघाली ती वाद्यांच्या कारखान्यातून. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा धंदा होता. लिंकने पेटीच्या भात्यासारखेच भाते एका छोट्या खोक्याखाली बसवले. आत माणूस बसायचा, वरून झाकण लावायचे, आणि दांडा हलवला की भात्यांतली हवा खोके कलते करायची. १९२९ च्या सुमाराचे हे यंत्र लोकांनी जत्रेतल्या पाळण्यासारखे वापरले. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले, तेव्हा वाईट हवेत काही आठवड्यांतच बारा वैमानिक दगावले. त्यानंतर सैन्याने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्या खोक्यात बसून शिकले.

संगणकावरचा सिम्युलेटर १९८० च्या सुमारास ब्रूस आर्टविक या इंजिनिअरने ॲपलच्या छोट्या संगणकासाठी केला. १९८२ मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या नावाने आला. त्यातले डोंगर म्हणजे नुसत्या रेघा होत्या. आज एक्स-प्लेन आहे, फुकट मिळणारा फ्लाइटगिअर आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत उपग्रहांच्या छायाचित्रांवरून साऱ्या पृथ्वीचा भूभाग उभा केला आहे. शोधताना देवनहळ्ळीसाठी व्हीओबीएल ही अक्षरे द्यायची, येलहंका तळासाठी व्हीओवायके. काही सिम्युलेटर त्या घडीचे खरे हवामानही इंटरनेटवरून घेतात. पहाटे पाचला उठून येलहंक्यात खिडकीबाहेर धुके, आणि पडद्यावरही तेच धुके!

पण लिंकच्या खोक्यात होते ते घरच्या खुर्चीत नाही. लिंकचे खोके कलत होते, घरची खुर्ची हलत नाही. तिथे कान गप्प असतात, म्हणून काट्यांवर विश्वास ठेवणे सोपे जाते. खऱ्या ढगात कान काट्यांशी भांडतात, आणि ते भांडण घरी शिकता येत नाही. घरी घालवलेले तास परवान्याच्या हिशेबात धरले जात नाहीत, ते योग्यच आहे. तरीही काट्यांची भाषा तोंडपाठ करून गेलेला विद्यार्थी खऱ्या विमानातला महागडा तास वाचवतो. आईवडिलांनी जॉयस्टिक घेऊन द्यायला एवढे कारण पुरे. पायाचे पेडल पहिल्या वर्षी नसले तरी चालते.

परत फिरण्याचा सराव

घरच्या सरावात एक खोड लागते, आणि ती धोक्याची आहे. प्रत्येक वेळी उतरायचेच, ही ती खोड. कोसळले तर एक कळ दाबायची आणि पुन्हा सहा मैलांवर जाऊन बसायचे. परत फिरण्यासाठी कोणी संध्याकाळ खर्ची घालत नाही. वास्तविक आयएलएसचा सारा कस तिथेच लागतो. साध्या आयएलएसवर जमिनीपासून २०० फूट ही निर्णयाची उंची असते. तिथे धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचे. दिसले नाहीत तर पूर्ण जोर देऊन वर जायचे. 'आणखी पन्नास फूट पाहू' हा पर्यायच नाही. या वर जाण्याला गो-अराउंड म्हणतात.

कर्नाटकाने याची किंमत मोजली आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग मंगळूरला उतरताना वाटेपेक्षा बरेच उंच होते. धावपट्टीला आयएलएस होते. काट्यांनी सांगितले, सहवैमानिकानेही तीनदा परत फिरण्यास सुचवले, हे चौकशीत स्पष्ट झाले. विमान तरीही उतरवले गेले. टेकडीवरच्या त्या धावपट्टीचा पुष्कळ भाग संपल्यावर चाके टेकली आणि विमान पलीकडच्या दरीत गेले. १६६ जणांपैकी आठ वाचले.

बंगळूरच्या जुन्या लोकांना त्याआधीचा एक दिवस आठवतो, १४ फेब्रुवारी १९९०. मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे दोनेक महिन्यांचे नवे कोरे एअरबस ए-३२० जुन्या एचएएल विमानतळाच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण गेले. त्या धावपट्टीला तेव्हा आयएलएस नव्हते. धुकेही नव्हते. भर दुपार होती आणि धावपट्टी दिसत होती. इंजिनांचा जोर किमान पातळीवर होता, वेग घटत होता, आणि हे ध्यानात येऊन जोर दिला गेला तेव्हा काही सेकंदच उरले होते. काटे फक्त धुक्यासाठी असतात असे मानणाऱ्याने ही दुपार आठवावी.

देवनहळ्ळीला आता पुष्कळ सोय झाली आहे. २०१९ च्या डिसेंबरात दक्षिणेकडची दुसरी धावपट्टी सुरू झाली आणि पुढे तिला कॅट थ्री-बी प्रतीची आयएलएस मिळाली. पूर्वी उतरायला ५५० मीटरपर्यंत दिसावे लागे, आता या धावपट्टीवर ५० मीटर पुरतात. अर्थात विमान आणि वैमानिक दोघेही त्या प्रतीचे हवेत, आणि अशा वेळी विमान बहुधा ऑटोपायलटच उतरवतो. धावपट्टीवर किती दिसते हे मोजणारे 'दृष्टी' नावाचे यंत्र बंगळूरच्याच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने तयार केले आहे. एक प्रकाशझोत ठरावीक अंतर कापताना धुक्यात किती क्षीण होतो, त्यावरून ते दृश्यतेचा अंदाज बांधते. अशी देशी यंत्रे आज अनेक विमानतळांवर बसली आहेत.

छोट्या सेस्नाला आणि नवशिक्याला ही ५० मीटरची चैन नाही. त्याचा हिशेब २०० फुटांचाच. म्हणून सिम्युलेटरवर ढग मुद्दाम शंभर फुटांवर आणून ठेवावेत. ते किती उंचीवर आहेत हे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी ठरवावे आणि सांगू नये. आई, धाकटी बहीण, कोणीही चालेल. कधी ढग चारशेवर असतील, धावपट्टी छान दिसेल. कधी ३,२०० चा आकडा येईल आणि समोर नुसता पांढरा पडदा असेल. तिथे थ्रॉटल पुढे, नाक वर, फ्लॅप टप्प्याटप्प्याने आत, होकायंत्रावर तीच दिशा. हात आपोआप हे करू लागेपर्यंत करीत राहावे. बहिणीला यात फार मजा येते, कारण दादाला परत पाठवण्याचा अधिकार तिच्याकडे असतो.

आणि परत फिरल्यावर? इथे बहुतेक जण खेळ थांबवतात. थांबू नये. विमान ५,००० फुटांवर आहे, खाली धुके आहे, जक्कूर आणि येलहंका त्याच धुक्याखाली आहेत. टाकीत किती इंधन आहे ते पाहावे. चेन्नई सरळ रेषेत सुमारे २७० किलोमीटर, म्हणजे सेस्नाला सव्वा ते दीड तास. धुके नऊपर्यंत हटेल या आशेवर घिरट्या घालायच्या, की आताच पूर्वेला वळायचे? घिरट्यांचे प्रत्येक मिनिट चेन्नईच्या इंधनातून जाते. हा हिशेब उड्डाणाआधी जक्कूरला कागदावर मांडलेला नसेल, तर तो आता एका हाताने विमान सावरत, दुसऱ्या हाताने पेन्सिल शोधत करावा लागतो.